कंपाउंडच्या भिंतीलगत गुलमोहर लावताय? आधी हे वाचा

हिंगोली : पावसाळा आला की कंपाउंडलगत झाड लावायची घाई होते आणि हाती येतो गुलमोहर. छोट्या अंगणात तो नकोच! मुळं उथळ पसरतात, वादळात फांद्या मोडतात. आडोशाच्या, अर्धवट उन्हाच्या जागेला पारिजातक बरा. छाटत राहिलं तर तो १०-१२ फुटांत आवरतो; संध्याकाळी फुलतो, पहाटे सडा. भिंतीपासून चार-पाच फूट मात्र सोडा.

खरी अडचण काळ्या मातीची. ती पाणी धरून ठेवते. म्हणून खड्ड्याच्या मातीत मुरूम मिसळा, रोप उंचवट्यावर लावा. पांढऱ्या चाफ्याला तर हे हवंच, नाहीतर मुळं कुजतात. कण्हेर काटक, पण पूर्ण विषारी. दारात शेळ्या किंवा लहान मुलं असतील तर टाळा.