चर्चसाठी निधिसंकलन : आधी हंगाम पाहावा, मग हाक द्यावी



चर्चचे छत गळू लागते, कुंपणाची भिंत खचते किंवा आजारी बांधवाच्या उपचारासाठी मदत उभारावी लागते. अशा वेळी घाईने सभा भरते, एक मोठा आकडा जाहीर होतो आणि घरटी वर्गणी ठरते. ज्याच्या घरी तेवढे पैसे नसतात, तो लाजेस्तव उसनवारी करतो किंवा पुढच्या रविवारी मिस्सेलाच येत नाही. निधी जमला, पण बांधव दुरावला, तर त्या कार्यक्रमाला आम्ही यशस्वी कसे म्हणावे?

निधिसंकलन ही ख्रिस्तसभेत नवी गोष्ट नव्हे. जेरुसलेममधील गरीब बांधवांसाठी संत पौलाने ठिकठिकाणच्या मंडळ्यांत वर्गणी उभारली. त्याची पद्धत करिंथकरांस लिहिलेल्या दोन्ही पत्रांत दिसते. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे थोडे बाजूला ठेवावे, असे त्याने सुचविले. जवळ जे आहे त्याप्रमाणे दिलेले दान मान्य होते, जे नाही त्याचा हिशेब धरला जात नाही, हेही स्पष्ट केले. कोणाला संशयाला जागा राहू नये म्हणून रक्कम पोहोचविताना मंडळ्यांनी निवडलेला विश्वासू बंधू सोबत घेतला. वेळ, ऐपत आणि पारदर्शकता ही तीन सूत्रे आजही पुरेशी आहेत.

पहिले सूत्र वेळेचे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोची जोडी एक ‘कोयता’ म्हणून मुकादमाकडून उचल घेते व ती हंगामभर फेडत राहते. ज्या धर्मग्रामात अशी कुटुंबे आहेत, तेथे नाताळात मोठा कार्यक्रम ठेवला तर ती गैरहजर राहतात. आणि निघण्यापूर्वी मागणी केली, तर दान उचलीच्या पैशातून, म्हणजे कर्जातूनच येते. सोयाबीन व कापूस विकला जातो तेव्हा शेतकऱ्याच्या हातात पैसा असतो. ऊसतोड कुटुंबाचा हिशेब परतल्यावर पूर्ण होतो. म्हणून एकच तारीख सर्वांवर न लादता शरद ऋतूत कापणीचा सण आणि पास्काच्या काळात दुसरे संकलन, असे दोन टप्पे आम्हांस अधिक न्याय्य वाटतात. पाऊस दगा देईल त्या वर्षी उद्दिष्ट लहान करण्यात कमीपणा नाही.

दुसरे सूत्र ऐपतीचे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत कापणीच्या सणाला धान्य, भाजीपाला, कोंबडी, अंडी अर्पण करून त्यांचा लिलाव करण्याची रीत आहे. ती जरूर जपावी. मात्र बोलीची चढाओढ कोणाला हिणविणारी होऊ नये. बालाघाटच्या डोंगरातील सीताफळे, घरची ज्वारी-बाजरी, भगिनींनी केलेले पापड-लोणचे यांचे विक्रीकेंद्र ठरलेल्या दराने चालविता येते. मिझोरममधील प्रेस्बिटेरियन भगिनी १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. त्या मुठींतून आज वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात. आपल्याकडे भाकरीच्या पिठाआधी मूठभर ज्वारी काढून ठेवणे कोणत्याही घराला जड नाही. ज्याच्याकडे तेवढेही नाही, त्याने मंडप उभारण्यास हातभार लावावा. त्या श्रमाची नोंद देणगीइतक्याच आदराने व्हावी.

तिसरे सूत्र पारदर्शकतेचे. काम सुरू करण्यापूर्वी दोन-तीन गवंड्यांकडून किंवा कंत्राटदारांकडून लेखी अंदाज घ्यावा व उद्दिष्ट त्यावरून ठरवावे. १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थ समिती असावी लागते (कलम ५३७). तिच्या संमतीने धर्मगुरूंनी कार्यक्रम आखावा. कोणाही व्यक्तीने महागुरुस्वामींच्या लेखी परवानगीवाचून परस्पर वर्गणी मागू नये (कलम १२६५). विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे (कलम १२६७). छतासाठी जमलेला पैसा सणाच्या रोषणाईवर खर्च होता कामा नये.

देशाचा कायदाही पाळावा. पावती नोंदणीकृत न्यासाच्याच नावाने द्यावी. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी जमवायची असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तालयाकडे रीतसर अर्ज करावा लागतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातलगाची देणगी, तो मूळचा भारतीय असला तरी, विदेशी अंशदान ठरते. ती धर्मग्रामाच्या साध्या खात्यात घेऊ नये. तिकिटे विकून सोडत काढणे लॉटरीच्या कायद्यात अडकू शकते, म्हणून ते टाळलेलेच बरे.

कार्यक्रमाच्या दिवशी पेटी दोघांनी मिळून उघडावी, रक्कम दोघांनी मोजावी, दोघांनी सही करावी आणि पुढच्या कामकाजाच्या दिवशी ती बँकेत भरावी. मंडप, ध्वनिक्षेपक व भोजनाचा खर्च वजा जाता हाती किती उरले, हे प्रामाणिकपणे सांगावे. जमा-खर्च पुढच्या दोन रविवारांच्या आत चर्चच्या फलकावर लावावा. भाविकांना त्यांच्या दानाचा हिशेब द्यावा, असे कॅनन कायद्याचे कलम १२८७ सांगते. मात्र फलकावर एकूण आकडे असावेत, कोणी किती दिले याची यादी नसावी. देणाऱ्याची पावती त्याच्या हाती असतेच.

मंदिराच्या दानपेटीसमोर बसलेल्या प्रभूने दोन दमड्या टाकणारी विधवा पाहिली. तिच्याकडून आणखी काही मागावे, असे त्याने शिष्यांना सांगितले नाही. तिचे देणे ओळखण्यास शिकविले. आपल्या धर्मग्रामातील पुढचे संकलन ठरविताना समितीच्या पहिल्याच बैठकीत एक प्रश्न विचारावा, अशी आमची नम्र विनंती आहे : या तारखेला, या रकमेमुळे, आपल्यातील सर्वांत गरीब घराला चर्चमध्ये येणे अवघड तर होणार नाही ना? त्याचे उत्तर मिळाल्यावरच घोषणा करावी.