भेळपुरी विकतोस का?

लिंबाच्या रसाचे काही थेंब योनीत टाकले तर मैत्रिणीला दिवस जाणार नाहीत का, असं एका वाचकाने 'मुंबई मिरर' या दैनिकाला विचारलं होतं. तिथल्या लैंगिक सल्ल्याच्या सदरात डॉ. महिंदर वत्स यांनी उलट त्यालाच विचारलं, तू भेळपुरी विकतोस का? आणि लगेच कंडोमचा सल्ला दिला. अख्ख्या मुंबईला हसू फुटलं. माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरला मात्र त्यात उपचार दिसतो. माणूस हसला की त्याची भीती अर्धी उतरते, मग पुढचं वाक्य डोक्यात शिरतं.

या भीतीचे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. पंचविशीतला मुलगा, लग्न ठरलेलं. तक्रार काय, तर अशक्तपणा. रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन उत्तम. जरा खोदून विचारलं की मान खाली घालून म्हणतो, "धातू जाते." रक्ताच्या शंभर थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, हे त्याला कुणीतरी पढवलेलं असतं. तोवर रेल्वेच्या भिंतीवरच्या जाहिरातीतल्या 'गुप्तरोगतज्ज्ञा'ने पुड्या देऊन त्याचा खिसाही रिकामा केलेला असतो. वीर्याचा बहुतेक भाग प्रोस्टेट आणि वीर्यकोशांतला स्राव असतो आणि तो शरीरात बनतच राहतो, हे त्याला शाळेत कुणी सांगितलेलं नसतं. उलट भीतीनेच खरा घोळ होतो. ताठरता येण्यासाठी रक्तवाहिन्या सैलावाव्या लागतात. घाबरलं की अॅड्रेनलिन वाढतं, त्या आकुंचन पावतात. एकदा फसलं की पुढच्या वेळी धास्ती दुप्पट.

वत्स मूळचे स्त्रीरोगतज्ज्ञ, जन्म 1924चा. 1960च्या दशकात बायकांच्या एका मासिकात ते आरोग्याचा सल्ला द्यायचे. पत्रं येऊ लागली तसं त्यांच्या लक्षात आलं, की दुखणी कमी आणि अज्ञान जास्त आहे. 1974 मध्ये त्यांनी फॅमिली प्लॅनिंग असोसिएशनला लैंगिक शिक्षण आणि समुपदेशनाचं काम हाती घ्यायला लावलं. मुंबईला हे अगदीच नवं नव्हतं म्हणा. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये इथेच संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं आणि लैंगिक विषयांवरच्या लिखाणापायी पुढे कोर्टाच्या पायऱ्याही झिजवल्या होत्या. वत्सांवरही अश्लीलतेचे आरोप झालेच.

'मिरर'मधलं सदर 2005 मध्ये सुरू झालं, तेव्हा ते ऐंशी ओलांडलेले. संपादक मीनल बघेल यांनी लिंग, योनी हे शब्द आडपडदा न ठेवता छापू दिले, याचं मला अजून कौतुक वाटतं. मराठी वर्तमानपत्रं तेव्हा 'गुप्त भाग' म्हणून वेळ निभावत होती. उत्तरं चार-पाच ओळींची. हस्तमैथुनाने काही बिघडत नाही, हे त्यांनी किती वेळा लिहिलं असेल! 2015 मध्ये आलेल्या पुस्तकाचं नावही 'इट्स नॉर्मल'.

पण ते नुसते गमत्ये आजोबा नव्हते. बायकोवर जबरदस्ती करू पाहणाऱ्याला ते सरळ झापायचे; तिची इच्छा विचारलीस का, हा त्यांचा पहिला प्रश्न. मला ही उत्तरं भेळपुरीपेक्षा मोलाची वाटतात, पण लोकांच्या लक्षात राहिली ती भेळपुरीच.

28 डिसेंबर 2020 रोजी, वयाच्या 96व्या वर्षी ते गेले. त्याच महिन्यात दैनिक 'मिरर' बंद होत असल्याची घोषणा झाली होती. भिंतीवरचे तज्ज्ञ आता मोबाइलवर आलेत आणि पुड्या कुरिअरने घरपोच येतात.