राजा दूर, राज्य लोकांचे

ऑस्ट्रेलिया हा देश एका खंडाएवढा विस्तीर्ण आहे. त्याचा राजा मात्र त्या देशात राहत नाही. तो सागरापलीकडे, हजारो मैल दूर इंग्लंडमध्ये राहतो. २०२२ सालापासून तिसरे चार्ल्स हे ऑस्ट्रेलियाचे राजे आहेत. राजा इतका दूर असता राज्यकारभार चालतो तरी कसा?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात ब्रिटिशांच्या सहा वसाहती होत्या. प्रत्येकीचे कायदे निराळे व जकातही निराळी. या वसाहतींनी एकत्र यावे, असा विचार बळावू लागला. परंतु एक शंका आड येत होती. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया यांची लोकसंख्या मोठी, तर टास्मानिया हे लहानसे बेट. एकत्र आल्यावर मोठ्यांपुढे लहानांचे कोण ऐकणार?

या शंकेचे उत्तर संघराज्याच्या रचनेत सापडले. १ जानेवारी १९०१ रोजी सहा वसाहतींची सहा राज्ये होऊन ऑस्ट्रेलियाचे संघराज्य जन्मास आले. त्याच्या संसदेची दोन सभागृहे आहेत. कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येच्या मानाने प्रतिनिधी निवडले जातात. वरिष्ठ सभागृहास सिनेट म्हणतात. तेथे प्रत्येक राज्याचे, मग ते लहान असो वा मोठे, बाराच सदस्य असतात. संरक्षण, चलन, टपाल ही कामे संघशासनाकडे, तर शाळा, रुग्णालये व पोलीस ही मुख्यतः राज्यांकडे असतात. दोहोंत वाद उद्भवल्यास सर्वोच्च न्यायालय निर्णय देते.

राजाच्या वतीने गव्हर्नर जनरल काम पाहतात. त्यांची नेमणूक ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांच्या सल्ल्यानेच होते. त्यांच्या संमतीवाचून विधेयकाचा कायदा होत नाही. तरीही ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात आणि मंत्रिमंडळ कनिष्ठ सभागृहाच्या विश्वासावर टिकते. नवल असे, की ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत 'पंतप्रधान' हा शब्दच नाही! हे पद केवळ रूढ संकेतांवर उभे आहे.

या संकेतांची कसोटी १९७५ साली लागली. पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना कनिष्ठ सभागृहात बहुमत होते; परंतु सिनेटने खर्चाची विधेयके अडवून धरली. पैशावाचून कारभार थांबण्याची वेळ आली. अखेर ११ नोव्हेंबर रोजी गव्हर्नर जनरल सर जॉन कर यांनी पंतप्रधानांनाच पदावरून दूर केले आणि विरोधी पक्षाचे नेते माल्कम फ्रेझर यांची हंगामी पंतप्रधान म्हणून नेमणूक केली. राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांनी यात हस्तक्षेप करावा, अशी विनंती सभापतींनी केली; परंतु तो अधिकार गव्हर्नर जनरलचाच आहे, असे उत्तर आले. देशभर संतापाची लाट उसळली. तथापि निर्णय शस्त्रांनी झाला नाही. १३ डिसेंबर रोजी निवडणूक झाली व फ्रेझर मोठ्या बहुमताने विजयी झाले. कर यांचे कृत्य योग्य होते की अयोग्य, हा वाद आजही मिटलेला नाही.

१९९९ साली राजपद काढून टाकावे काय, असा प्रश्न जनतेपुढे ठेवण्यात आला. बहुसंख्य मतदारांनी ती सूचना नाकारली. भारतात राष्ट्रपती निवडले जातात, तर ऑस्ट्रेलियाचे राजपद वंशपरंपरेने चालते. परंतु राजपद ठेवावे की नाही, हे ठरविणारे हात मात्र सामान्य मतदारांचेच आहेत.