रुळांच्या जागी सायकलीची वाट

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात हाताच्या बोटांसारखी लांबट ११ सरोवरे आहेत, म्हणून या भागाला ‘फिंगर लेक्स’ म्हणतात. सरोवरांचे खोल पाणी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवते, त्यामुळे टेकड्यांच्या उतारांवरील द्राक्षवेली कडाक्याच्या थंडीतही तग धरतात.

येथील क्युका आणि सेनेका सरोवरांदरम्यान १८३३ मध्ये कालवा सुरू झाला. पुढे त्याच काठाने रेल्वे आली; १९७२ च्या ॲग्नेस वादळातील पुराने तीही उखडली. ही वाट रानात हरवलीच असती, पण स्थानिक स्वयंसेवकांनी ती साफ करून जपली. आज या सुमारे ११ किलोमीटरच्या खडी-मातीच्या वाटेवर धबधबे आणि जुन्या गिरण्यांचे अवशेष पाहत सायकलस्वार जातात. पेन यानहून ड्रेस्डेनकडे निघाल्यास उतार लागतो. परतीच्या चढासाठी मात्र दम राखून ठेवावा!