‘पर्यंत’चा वेग आणि हमीचा वेग

इंटरनेटच्या जाहिरातीत ‘१०० एमबीपीएसपर्यंत वेग’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. त्यातला खरा महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘पर्यंत’. हा वेग जास्तीत जास्त किती मिळू शकेल ते तो सांगतो. कमीत कमी किती मिळेलच, हे सांगत नाही. घरी सिनेमा पाहताना चित्र दोन मिनिटे अडकले तर फार बिघडत नाही. पण तालुक्याच्या रुग्णालयातून डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा सीटी स्कॅन शहरातल्या तज्ज्ञाकडे जायचा असेल, तर ‘पर्यंत’ आणि ‘हमखास’ यांतला फरक तासांमध्ये मोजावा लागतो.

हा फरक करारात आकड्यांनी मांडण्याची पद्धत रुळवली ती ‘फ्रेम रिले’ या तंत्राने. १९९०च्या दशकात बँका, कारखाने, विद्यापीठे आपल्या शाखा या तंत्राने जोडत असत. आज ते जवळजवळ इतिहासजमा झाले आहे. पण त्यामागचा हिशेब अजून जिवंत आहे आणि तो समजून घेणे अवघड नाही.

एक रस्ता, अनेक वाटेकरी

दोन शाखांमध्ये स्वतंत्र तार भाड्याने घेतली की ती पूर्ण आपली. मात्र ती महाग पडते आणि बराच वेळ रिकामी राहते. फ्रेम रिलेमध्ये दूरसंचार कंपनी एकाच जाळ्यात अनेक ग्राहकांची माहिती ‘फ्रेम’ नावाच्या छोट्या पुडक्यांत भरून पाठवते. प्रत्येक पुडक्यावर मार्गाचा क्रमांक असतो. आधीच्या एक्स.२५ या पद्धतीत वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर चूक तपासून ती दुरुस्त करत. तारा सुधारल्यावर ते काम दोन्ही टोकांच्या संगणकांवर सोपवले गेले. त्यामुळे वेग वाढला. पण एक अटही आली : वाटेत पुडके गळाले तर जाळे ते पुन्हा पाठवत नाही.

सगळे ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेगाने माहिती पाठवत नाहीत, या अंदाजावर ही स्वस्ताई उभी असते. अंदाज चुकला तर कोणाची पुडकी टाकायची, हे करारातले आकडे ठरवतात.

चार आकड्यांचा करार

पहिला आकडा पोर्टचा वेग, म्हणजे तारेवरून माहिती ज्या वेगाने धावते तो. समजा तो २५६ केबीपीएस आहे. दुसरा ‘कमिटेड इन्फर्मेशन रेट’, थोडक्यात सीआयआर, म्हणजे हमीचा दर. तो ६४ केबीपीएस धरू. तार संथ होत नाही. ती नेहमी २५६च्याच वेगाने बोलते. हमी असते ती सरासरीची.

ही सरासरी किती वेळाची, हे तिसऱ्या आकड्यावरून कळते. त्याला ‘कमिटेड बर्स्ट’ म्हणतात. तो ८,००० बिट असेल, तर त्याला ६४,०००ने भागायचे. उत्तर येते सेकंदाचा आठवा भाग. म्हणजे दर आठव्या भागात ८,००० बिट हमीने स्वीकारले जातील. २५६च्या तारेवर तेवढे बिट सुमारे ३१ मिलिसेकंदांत निघून जातात. हमीच्या आतच राहायचे असेल, तर उरलेले ९४ मिलिसेकंद गप्प बसायचे.

चौथा आकडा ‘एक्सेस बर्स्ट’, हमीवरची मुभा. तोही ८,००० असेल, तर दुप्पट, म्हणजे १२८ केबीपीएसपर्यंत माहिती आत घेतली जाते. पण हमीवरच्या पुडक्यांवर एका बिटाची खूण केली जाते : ‘गर्दी झाली तर हे आधी टाका’. त्याही पुढची पुडकी सहसा दारातच टाकून दिली जातात. काही कंपन्या शून्य सीआयआरची स्वस्त जोडणीही विकत. त्यात प्रत्येक पुडक्यावर ही खूण असे.

स्कॅनचा हिशेब

सीटी स्कॅनचे एक चित्र साधारण ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचे आणि प्रत्येक ठिपक्याला १६ बिट, म्हणजे सुमारे ४२ लाख बिट. हमीच्या ६४ केबीपीएसने ते जायला ६५ सेकंद लागतात. अशी २०० चित्रे असतील, तर ३ तास ३८ मिनिटे. मुभेसह १२८ मिळाले, तर १ तास ४९ मिनिटे. चित्रे दाबून लहान केली तर वेळ वाचतो, पण दोन दरांतले प्रमाण तेच राहते. रुग्णालयाने नियोजन मुभेच्या आकड्यावर केले आणि ऐन गर्दीत खुणेची पुडकी गळू लागली, तर ती पुन्हा पाठवण्यातच वेळ जातो. फाईल उशिरा का होईना, पोचते. व्हिडिओवर बोलणाऱ्या डॉक्टरचे गळालेले वाक्य मात्र उशिरा येऊन उपयोगाचे नसते.

म्हणून नियम साधा आहे : जे थांबू शकत नाही ते हमीत बसवा, जे थांबू शकते ते मुभेवर सोडा.

राउटरमधला फसवा आकडा

येथे अनेक तंत्रज्ञांचाही गोंधळ होई. सिस्कोच्या राउटरवर ‘बँडविड्थ’ नावाचा आकडा भरता येतो. तो वाढवला की वेग वाढेल, असे वाटते. प्रत्यक्षात तारेचा वेग तसूभरही बदलत नाही. हा आकडा राउटरला रस्ता निवडताना लागतो. आकडा भरला नाही, तर बऱ्याच सिरियल जोडण्यांवर तो १,५४४ केबीपीएस धरला जातो. हा अमेरिकेतल्या टी-१ तारेचा वेग.

‘ओएसपीएफ’ पद्धतीत राउटर दहा कोटीला या आकड्याने, बिटमध्ये मांडून, भागतो आणि येणारे उत्तर त्या रस्त्याची ‘किंमत’ धरतो. १,५४४ची किंमत ६४ येते, ५१२ केबीपीएसची १९५ आणि ६४ केबीपीएसची १,५६२. आता ६४च्या जोडणीवर आकडा बदललाच नाही आणि शेजारच्या ५१२च्या जोडणीवर तो बरोबर भरला, तर राउटर संथ रस्ता स्वस्त समजून सगळी वाहतूक तिकडेच वळवतो. कागदावर दोन्ही जोडण्या ठणठणीत, आणि कामे मात्र रखडलेली. म्हणून तेथे सहसा हमीचा दर लिहीत. माहिती प्रत्यक्षात आवरून धरायची असेल, तर ‘ट्रॅफिक शेपिंग’ ही वेगळी सोय लागते. मुख्यालयाची तार मोठी आणि गावातली लहान असेल, तर ती मुख्यालयातच हवी. नाहीतर पुडकी गावाच्या दाराशी येऊन गळतात.

आज काय विचारावे?

फ्रेम रिलेची जागा एमपीएलएस आणि इथरनेट सेवांनी घेतली, पण सीआयआर टिकून आहे. आजच्या व्यावसायिक इथरनेट सेवेत हमीतली पुडकी हिरवी, मुभेतली पिवळी आणि त्यापलीकडची लाल मानतात. घरगुती ब्रॉडबँडमध्ये अशी हमी सहसा नसते. भारतात जानेवारी २०२३पासून ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस डाउनलोड वेग लागतो. १०० आणि २ यांत केवढी जागा मोकळी आहे, ते यावरून दिसते.

दवाखाना, प्रयोगशाळा किंवा छोटे कार्यालय यांनी जोडणी घेताना चार प्रश्न लेखी विचारावेत. हमीचा दर किती? तो पाठवण्यालाही आहे की फक्त घेण्याला? स्कॅन बाहेर पाठवायचे असतात, त्यामुळे हा प्रश्न टाळू नये. हमीवरच्या माहितीचे गर्दीत काय होते? आणि जोडणी बंद पडल्यास किती वेळात दुरुस्त होईल? शिवाय एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, फाईलचा आकार मेगाबाइटमध्ये. त्यामुळे वेगाला आठाने भागूनच वेळ काढावा. चाचणी रात्री नऊच्या सुमारास, वायफायऐवजी तार जोडून करावी. त्या वेळी जो आकडा दिसेल, तो आपल्या नियोजनाच्या जास्त जवळचा.