स्वस्त भयपटाचं चित्र नेमकं बिघडतं कुठे?

कमी पैशांत उरकलेला भयपट घरच्या टीव्हीवर धूसर, काळवंडलेला आणि खरखरीत दिसला, की प्रेक्षकाचा निकाल तयारच असतो : पैसे नव्हते, कॅमेरा भिकार असणार, दुसरं काय होणार! हा निकाल इतका सोयीचा आहे, की तो तपासून पाहावा असं सहसा कुणाला वाटत नाही. पण असा तपास एका चित्रपटाने, तशी कुणाचीही इच्छा नसताना, आपोआप करून ठेवला आहे. तो म्हणजे 1987 साली अमेरिकेत आलेला ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट पार्ट 2’. पहिला भाग 1984चा. सांताक्लॉजचा वेश घालून खून करत सुटलेल्या बिलीची ती गोष्ट, आणि ती पाहून चिडलेल्या पालकांनी निदर्शनं केल्यामुळे चित्रपटगृहांतून लवकरच उतरवली गेलेली. दुसऱ्या भागात बिलीचा धाकटा भाऊ रिकी वेड्यांच्या इस्पितळात मानसोपचारतज्ज्ञाला सगळी हकिकत सांगतो आणि मग अनाथाश्रमाच्या मदर सुपिरिअरवर सूड उगवायला बाहेर पडतो. निर्मात्यांचा मूळ बेत पहिलाच चित्रपट नव्याने कापून-जोडून पुन्हा विकायचा होता. दिग्दर्शक ली हॅरी यांनी थोडं नवं चित्रीकरण पदरात पाडून घेतलं, तरी जेमतेम दीड तासाच्या या सिक्वेलमध्ये सुमारे 40 मिनिटं पहिल्या भागातलीच आहेत. रिकीने जे कधी पाहिलंच नव्हतं, तेही त्याला बारीकसारीक तपशिलासह आठवतं, यावरून समीक्षकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र ही काटकसर म्हणजे घबाडच आहे.

कारण असं, की तीच दृश्यं आता दोन वेगळ्या वाटांनी आपल्या घरात पोहोचली आहेत. पहिल्या भागाची 2017ची ब्ल्यू-रे आवृत्ती मूळ कॅमेरा निगेटिव्हच्या 4के स्कॅनवरून तयार झाली (‘के’ म्हणजे चित्राच्या रुंदीतले ठिपके, हजारांत मोजलेले). दुसऱ्या भागाची निगेटिव्ह हाताशी नव्हती. म्हणून 2018ची डिस्क चित्रपटगृहात चालवलेल्या, शिल्लक राहिलेल्या प्रिंटचं 2के स्कॅन करून काढावी लागली. आता बिलीचं एखादं दृश्य घ्या. कॅमेरा तोच, भिंग तेच, दिवे तेच, नटही तोच, आणि पैशांची चणचणही तीच. बदलली ती फक्त पडद्यापर्यंतची वाट. तेव्हा दोन डिस्कमध्ये या दृश्यात जो फरक दिसेल, तो चित्रीकरणाच्या बजेटवर ढकलता येणार नाही. इतका स्वच्छ तुलनात्मक प्रयोग प्रयोगशाळेतही क्वचितच जुळून येतो. पहिल्या भागाच्या डिस्कमध्ये तर याहून छोटा प्रयोगही आहे : तेव्हा कापलेले हिंसक क्षण अखंड आवृत्तीत परत जोडले आहेत, पण त्यांची निगेटिव्ह न मिळाल्याने ते हलक्या दर्जाच्या व्हिडिओवरून घ्यावे लागले. त्यामुळे एकाच प्रसंगात चित्र क्षणभर मऊ होतं आणि पुन्हा टवटवीत होतं.

वाटेत काय घडतं ते पाहू. फिल्मच्या जमान्यात कॅमेऱ्यातली निगेटिव्ह थेट प्रोजेक्टरवर चढत नसे. तिच्यावरून इंटरपॉझिटिव्ह, त्यावरून पुन्हा एक निगेटिव्ह, आणि तिच्यावरून चित्रपटगृहांसाठीच्या प्रिंट निघत. छोट्या चित्रपटांच्या बाबतीत यातली एखादी पायरी पैसे वाचवायला गाळलीही जाई. दर पायरीला दोन फिल्म एकमेकींवर दाबून मधून प्रकाश सोडला जातो. हा प्रकाश थोडा पसरतो, फिल्म किंचित सरकते, आणि मूळच्या कणांवर नव्या फिल्मचे कण चढतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर अक्षरांच्या कडा फुगतात, तसंच हे. दुसऱ्या भागातल्या जुन्या दृश्यांवर तर दुहेरी आपत्ती आली. पहिल्या भागाची निगेटिव्ह 2017मध्ये स्कॅन करण्याइतकी शाबूत होती, याचाच अर्थ सिक्वेलमध्ये गेले ते तिचे तुकडे नव्हते, त्यांच्या नकला होत्या. त्या नकला नव्या चित्रपटात जोडल्या गेल्या आणि मग त्यांची आणखी एकदा प्रिंट निघाली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या अभ्यासगटासाठी झालेल्या चाचण्यांत नेहमीच्या 35 मिलिमीटर प्रिंट खऱ्या चित्रपटगृहांत दाखवल्या, तेव्हा पडद्याच्या उंचीत प्रेक्षकांना वेगळ्या ओळखता आलेल्या रेषा 900च्या आतच भरल्या. ब्ल्यू-रेच्या उंचीत 1080 रेषा बसतात. म्हणजे अशा प्रिंटचं 2के ऐवजी 8के स्कॅन केलं, तरी हाती लागणार ते प्रिंटमध्ये उरलेलंच. डब्यावर ठळकपणे छापलेल्या ‘के’च्या आकड्याला आपण उगाच भुलतो.

तपशिलापेक्षा मोठं नुकसान अंधारात होतं, आणि भयपटाचा सगळा संसार अंधारातच असतो. कॅमेरा निगेटिव्ह मुद्दाम मवाळ बनवलेली असते. दृश्यातला उजेड-अंधाराचा फरक ती साधारण 0.6 पट करून साठवते, म्हणून खिडकीतलं ऊन आणि पलंगाखालचा काळोख दोन्ही तिच्यात मावतात. प्रिंटची फिल्म याच्या नेमकी उलट. ती हा फरक अडीच ते तीन पटींनी ताणते, कारण काळोख्या चित्रपटगृहात प्रखर दिव्यासमोर चित्र फिकं पडू नये. या ताणण्यात सावलीतले बारीक फरक एकमेकांत मिसळतात आणि एका पातळीखाली सगळं एकजात काळं होतं. निगेटिव्हमध्ये दाराआडच्या माणसाची बाही दिसत असेल, तर प्रिंटमध्ये तिथे नुसता डाग. प्रिंट स्कॅन करणाऱ्याने कितीही उजेड वाढवला, तरी डाग राखाडी होईल, बाही परत येणार नाही. एका बाबतीत मात्र या सिक्वेलचं नशीब चांगलं. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला कोडॅकने रंग लवकर न उडणारी प्रिंट फिल्म बाजारात आणली होती. त्याआधीच्या कितीतरी प्रिंट निळसर रंगद्रव्य उडून गेल्यामुळे आज नुसत्या गुलाबी उरल्या आहेत.

आता लाल रंगाकडे वळू, कारण सांताचा अंगरखा आणि रक्त हे या दोन्ही चित्रपटांचं भांडवल. हे चित्रपट बहुतेकांना भेटले ते व्हीएचएस कॅसेटवर. तिथे चित्राच्या उजेड-अंधाराला जेमतेम 3 मेगाहर्ट्झ जागा मिळे, आणि रंगाला त्याच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास. माणसाचा डोळा उजेडातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला ढोबळपणे, त्यामुळे एरवी ही वाटणी खपून जाते. लालच्या बाबतीत ती फसते. दूरचित्रवाणीच्या गणितात उजळपणात लालचा वाटा जुन्या पद्धतीत 30 टक्के, हायडेफिनिशनमध्ये 21; हिरव्याचा मात्र अनुक्रमे 59 आणि 72. म्हणजे गडद लाल कापडाच्या सुरकुत्यांची बरीचशी माहिती नेमकी त्या चिंचोळ्या रंगवाटेने जाते आणि तिथेच अडते. कॅसेटवर लाल अंगरखा शिवणीबाहेर ओघळल्यासारखा दिसे, तो यामुळे. गंमत म्हणजे ब्ल्यू-रेनेही ही वाटणी पुरती सोडलेली नाही. चित्र 1920 गुणिले 1080 ठिपक्यांचं, पण रंगाची नोंद 960 गुणिले 540 जागीच. इतकी वर्षं रक्ताला कमी लेखणारं तंत्र आपण रक्तपटांसाठी वापरत आलो आहोत!

मग खरखर? तिला दोष म्हणण्याआधी थोडं थांबायला हवं. फिल्मवरचे कण हे चित्रावर साचलेली धूळ नव्हे. चित्र बनलंय तेच त्यांचं. रंगीत फिल्ममध्ये चांदीचे क्षार धुवून गेल्यावर त्यांच्या जागी रंगाचे सूक्ष्म ढग उरतात, आणि सेकंदाला 24 चौकटींत त्यांची मांडणी दरवेळी वेगळी असते. डिजिटल कॉम्प्रेशन नेमकं इथे अडखळतं, कारण पुढची चौकट मागच्या चौकटीसारखीच असेल हे गृहीत धरून ते जागा वाचवतं. हलते कण हे गृहीतक मोडतात. डीव्हीडीच्या चित्राला सेकंदाला फार तर 9.8 मेगाबिट मिळत, ब्ल्यू-रेला 40पर्यंत मिळतात. डीव्हीडीवरच्या काळोख्या भिंतीवर चौकोनी ठिगळं दिसतात, ती या टंचाईची. ही कटकट टाळण्यासाठी कण पुसून टाकायचा सोपा मार्ग आहे, आणि तो श्रीमंत चित्रपटांवरही बेधडक वापरला गेला. ‘प्रिडेटर’च्या 2010च्या ब्ल्यू-रेत कणांबरोबर कातडीची छिद्रंही पुसली गेली आणि श्वार्झनेगरचा चेहरा मेणाचा झाला, तो चांगलाच बदनाम आहे. 2024मध्ये जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’च्या 4के आवृत्तीवरही संगणकाने रेखीव केलेल्या चेहऱ्यांवरून टीका झाली. तिथे ना पैसा कमी होता, ना निगेटिव्ह हरवली होती.

यावर पहिला आक्षेप रास्तच येईल : बजेटचा चित्राशी काहीच संबंध नाही असं कसं? संबंध आहेच. दिवे कमी, म्हणून भिंगाचं तोंड पूर्ण उघडायचं. त्यामुळे फोकसची पट्टी अरुंद, आणि नट अर्धा पाऊल पुढे सरकला की चेहरा मऊ. दिवे कमी म्हणूनच अधिक संवेदनशील, म्हणजे जाड कणांची फिल्म. ‘द टेक्सास चेनसॉ मॅसेकर’ 16 मिलिमीटरवर चित्रित झाला. त्या फिल्मच्या चौकटीचं क्षेत्रफळ 35 मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. त्याला 40 वर्षं झाली तेव्हा मूळ फिल्मवरून 4के आवृत्ती निघाली, पण खरखर राहिलीच, राहायलाच हवी होती. पण दुसरीकडे ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पाहा. 1968चा, सव्वा लाख डॉलरच्याही आत झालेला. वितरकाने ऐनवेळी नाव बदललं, त्या गडबडीत स्वामित्वहक्काची सूचना पडद्यावरून गळाली आणि चित्रपट कुणीही छापावा असा झाला. कितीतरी वर्षं तो चिखल कालवल्यासारख्या नकलांमध्ये फिरत राहिला आणि लोकांनी तेच त्याचं रूप मानलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि द फिल्म फाउंडेशनने मूळ निगेटिव्हवरून केलेली 4के आवृत्ती 2016मध्ये आली, आणि दिसली ती नेटकी, खोल, कृष्णधवल छायाचित्रणाची शिस्त. गरीब निर्मात्यालाही कोडॅकची फिल्म श्रीमंताला मिळे तीच मिळत होती.

दुसरा आक्षेप जुन्या आठवणींचा : असल्या सिनेमाला कॅसेटचंच रूप शोभतं, उगाच चकाचक कशाला करता? ज्यांना ते आवडतं त्यांनी जरूर तसं पाहावं. पण ते रूप छायाचित्रकाराने निवडलेलं नव्हतं, कॅसेट छापणाऱ्या यंत्राने लादलेलं होतं. डॅनी बॉइल यांच्या ‘28 डेज लेटर’ची गोष्ट वेगळी. 2002चा तो चित्रपट शेवटचा भाग सोडता कॅनन एक्सएल1 या छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, 576 रेषांच्या चित्रात टिपला, आणि तो बोथटपणा जाणूनबुजून घेतलेला होता. तिथे मूळच तेवढं आहे. ब्ल्यू-रेने त्यात भर टाकायचा प्रश्नच येत नाही. जन्मतः असलेला मऊपणा आणि वाटेत लागलेला मऊपणा पडद्यावर सारखे दिसतात, म्हणूनच त्यांच्यात गल्लत होते.

एक प्रश्न मात्र या साऱ्यातून उरतो : पहिल्या भागाची निगेटिव्ह टिकली आणि सिक्वेलची प्रिंटच का उरली? या एका चित्रपटाचं नेमकं काय झालं हे बाजूला ठेवू. सर्वसाधारण रीत ठाऊक आहे. निगेटिव्ह थंड, कोरड्या जागी वर्षानुवर्षं भाड्याने ठेवावी लागते. मोठ्या स्टुडिओकडे त्यासाठी कोठारं असतात. छोटी कंपनी बुडते, हक्क तीन हातांतून फिरतात, प्रयोगशाळा बंद पडते, आणि गोदामाचं बिल भरायला कुणी उरत नाही. सिक्वेलकडे तर मालकही कमाई संपलेला माल म्हणूनच पाहतो. म्हणजे गरिबी चित्राला गाठते खरी, पण कॅमेऱ्यामागे तितकीशी नव्हे. चित्रपट उतरल्यानंतर, गोदामात. स्वस्त चित्रपट वाईट टिपला जातो यापेक्षा तो वाईट जपला जातो, हेच जास्त खरं आहे.

म्हणून ब्ल्यू-रे घेताना पुढच्या बाजूचा ‘4के’ न पाहता मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचावा : स्कॅन कशाचं केलं आहे, कॅमेरा निगेटिव्हचं, इंटरपॉझिटिव्हचं, की प्रिंटचं? ते लिहिलेलंच नसेल, तर पैसे टाकण्याआधी दोनदा विचार करावा. आणि महाराष्ट्रातल्या वाचकांना एक विनंती. बंद पडलेली टुरिंग टॉकीज, जुनं चित्रपटगृह किंवा एखाद्या वितरकाचं गोदाम तुमच्या ओळखीत असेल आणि तिथे फिल्मचे डबे पडून असतील, तर ते भंगारात घालण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर आतल्या फिल्मचं ॲसिटेट विघटित होऊ लागलं आहे असं समजा आणि घाई करा. आतला चित्रपट कितीही टुकार असो, त्याची उरलेली प्रिंट तीच असू शकते.