प्रश्नातील ‘आपण’ : खासदारांची परराष्ट्र धोरणविषयक मते

सर्वनामांचा विचार करताना ‘आपण’ हे रूप मराठीत किमान तीन कामे करते, हे तुमच्या लक्षात आले असेल. ‘आपण बसावे’ येथे ते आदरार्थी द्वितीय पुरुषाचे, ‘आपण मिळून जाऊ’ येथे श्रोत्यासह प्रथम पुरुषाचे, तर ‘तो आपण होऊन आला’ येथे आत्मवाचक आहे. संभाषणात संदर्भामुळे सहसा घोटाळा होत नाही. छापील प्रश्नावलीत मात्र तो संदर्भ नसतो.

समजा, लोकसभेच्या ५४३ सदस्यांची परराष्ट्र धोरणाविषयीची मते जाणून घ्यावयाची आहेत. मराठी प्रश्नावलीत ‘चीनसंबंधी आपली भूमिका काय असावी?’ असा प्रश्न घातला. ही ‘आपली’ भूमिका कोणाची? खासदाराची, त्याच्या पक्षाची की देशाची? एक सदस्य मनातले सांगेल, दुसरा पक्षाचे, तिसरा सरकारचे निवेदन उद्धृत करील. तीन निराळ्या प्रश्नांची ही उत्तरे एकाच रकान्यात पडली, की त्यांची टक्केवारी काढण्यात अर्थ उरत नाही. हिंदी प्रश्नावलीतील ‘आप’ थेट श्रोत्याकडे बोट दाखवते; म्हणजे भाषांतर शब्दशः अचूक असूनही दोन भाषांत विचारलेला प्रश्न एक राहत नाही.

मग प्रश्न विचारण्याऐवजी सभागृहातील मतदानच का पाहू नये? १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व धोक्यात येऊ लागले. भारत-अमेरिका अणुकरारावरून डाव्या पक्षांनी पाठिंबा काढल्यानंतर २२ जुलै २००८ रोजी विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी संमत झाला. या आकड्यांवरून सरकार टिकले एवढे कळते. कराराविषयी कोणत्या सदस्याचे मन काय होते, ते कळत नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय करारास संसदेची पूर्वसंमती घेणे आपल्याकडे बंधनकारक नाही. त्यामुळे असे मतदानाचे प्रसंगही थोडेच.

आपल्या नाशिकचेच उदाहरण घेऊ. चीन युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १९६२ मध्ये, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. पुढे १९७४ ते १९७७ या काळात ते परराष्ट्रमंत्री होते. १९६३ साली त्यांना ‘आपली भूमिका’ विचारली असती, तर उत्तर संरक्षणमंत्र्याने द्यायचे, काँग्रेसच्या नेत्याने की नाशिकच्या प्रतिनिधीने? मंत्री सामूहिक जबाबदारीने बांधलेला असतो. म्हणून मंत्र्यांची उत्तरे वेगळी मोजावीत, असे मला वाटते.

मतदारसंघाचा आवाज तर अधिकच गुंतागुंतीचा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. बांगलादेशासारख्या देशांना सरकारी परवानगीने मर्यादित निर्यात होत राहिली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण प्रतिटन ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत लावून. ‘शेजारी देशांशी व्यापार वाढवावा का?’ या प्रश्नावर नाशिक-दिंडोरीचा प्रतिनिधी लासलगावच्या बाजार समितीचा विचार केल्याशिवाय उत्तर देईल, हे संभवत नाही. तोच प्रश्न ‘देशात भाव चढले असताना निर्यात रोखावी का?’ असा विचारा. महानगरातील प्रतिनिधी निराळा विचार करू लागेल. दोन्ही प्रश्न कांद्याचेच. शब्दांनी फक्त उत्पादकाच्या जागी ग्राहक आणून बसवला.

तेव्हा एका ‘आपली’च्या जागी तीन स्वतंत्र प्रश्न हवेत : ‘आपले वैयक्तिक मत’, ‘आपल्या पक्षाची भूमिका’ आणि ‘आपल्या मतदारांची अपेक्षा’. शेजारी ‘अद्याप मत बनलेले नाही’ हा पर्यायही हवा. तो नसेल, तर संकोची माणूस मधल्या पर्यायावर खूण करून मोकळा होतो. नाव गुप्त ठेवण्याचे आश्वासनही तपासून द्यावे. महाराष्ट्राचे खासदार ४८. पक्ष, लिंग आणि विभाग एवढे नोंदवले, तरी अनेकदा एकच व्यक्ती उरते. असे आश्वासन फसवे ठरेल, हे जाणत्या खासदाराला कळते आणि तो पक्षाचेच उत्तर लिहून देतो.

कृती : ‘आपण शेजाऱ्यांशी नमते घ्यावे असे आपणास वाटते का?’ या वाक्यातील दोन्ही ‘आपण’ कोणाचे निदर्शक आहेत ते सांगा. ‘नमते घेणे’ या वाक्प्रचाराऐवजी दुसरी शब्दयोजना करून प्रश्न पुन्हा लिहा आणि दोन्ही रूपे घरातील दोन व्यक्तींना स्वतंत्रपणे विचारून उत्तरांतील फरक नोंदवा.